बेंजोच्या बटणांतली हळद

करंजाड्याच्या आमच्या नाक्यावर माझ्या भाच्याचा फ्लेक्स अजून लागलेला आहे. उन्हापावसाने रंग उडाला, एक कोपरा सुटून विजेच्या खांबावर आपटत असतो, पण तो काढावा असं कुणाच्या मनात येत नाही. फ्लेक्सवर भाचा काळा गॉगल लावून मांडीवर बेंजो घेऊन बसलाय. मागे ढग. वर ‘बेंजोचा बादशाह’ असं सोनेरी अक्षरांत. खाली मित्रमंडळाच्या पोरांचे फोटो रांगेने. त्यातली निम्मी पोरं त्याला ग्लास भरून द्यायला सगळ्यांत पुढे असायची. न्हावा शेव्याला जाणारी ऑफिसची बस तिथेच थांबते, म्हणून मी रोज सकाळी त्या फ्लेक्सखाली उभी असते. सुरुवातीला राग यायचा. आता वर बघायचंही राहून जातं.

तो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. तिशीच्या आतच गेला. आमचं मूळ गाव खाडीच्या काठाला होतं. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा बदल्यात इथे प्लॉट मिळाले. भावाने त्याच्या प्लॉटवर तीन मजले बांधले. खाली ही मंडळी, वर भाडेकरू. भाऊ बंदरात ट्रेलर चालवतो. मी दोन गल्ल्या सोडून फ्लॅटमध्ये राहते आणि कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात काम करते. बंदरात अडकलेले कंटेनर कागदपत्रं पुरी करून सोडवायचे, हे माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे घरात काही अडकलं की मलाच बोलावतात. भाच्याच्या बाबतीतही तसंच होत गेलं.

आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला न येणारा माणूस हळदीला येतो. आणि हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. ज्यांनी बेंजो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हाताएवढी लांब लाकडी पेटी असते, तिच्यावर तारा ताणलेल्या आणि जुन्या टाइपरायटरला असत तशी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. सोबतीला ढोल, ताशा, पॅड, कीबोर्ड आणि टेम्पोभर स्पीकर. एवढ्या गोंगाटात बेंजोवाला चांगला आहे की वाईट हे कळणार तरी कसं, असं मला वाटायचं. भाच्यामुळे ते कळायला लागलं.

त्याला कुणी शिकवलं नाही. गावच्या जत्रेतून भावाने खेळण्यातला बेंजो आणून दिला होता. त्यावर तो पहिल्यांदा देवीची आरती वाजवायला लागला आणि आरतीनंतर ट्रेलरचा रिव्हर्सचा भोंगा. बाप दारात गाडी मागे घ्यायचा आणि हा ओट्यावर बसून त्याच सुरात पीप पीप वाजवायचा. भावाला वाटायचं गाडी अजून मागेच चाललीये. ब्रेक दाबून दाबून वैतागायचा. दहावीपर्यंत हा ग्रुपमध्ये बसायला लागला आणि कॉलेजचं दुसरं वर्ष त्याने पाहिलंच नाही.

त्याचं म्हणून जे नाव झालं ते एका गोष्टीमुळे. हळदीत सगळे नातेवाईक एकेक करून नवरीला हळद लावतात. तेव्हा वाद्यं अखंड चालू असतात, नाच थांबत नाही. कुठल्याशा हळदीत नवरीची आई हळद लावायला पुढे आली आणि याने हात वर करून अख्खा ग्रुप थांबवला. ढोल थांबला, पॅड थांबलं. एकट्या बेंजोच्या एका तारेवर याने काहीतरी हळू वाजवलं. आईने हळद लावून हात बाजूला घेईपर्यंत वाजवलं, मग मान हलवली आणि पुन्हा सगळा दणका सुरू. मांडवातल्या बायका ढसाढसा रडल्या. आमच्याकडे जे लोकांना रडवतं त्याची लगेच मागणी होते. पुढच्या सुपारीपासून, म्हणजे बुकिंगपासून, लोक सांगूनच ठेवायला लागले, ‘आईची हळद पायजे हां.’ उरणपासून पनवेलपर्यंत सगळ्या ग्रुपांनी ते उचललं. आज कुठल्याही हळदीला जा, नवरीची आई उठली की बेंजोवाल्याचा हात वर जातो. वाजवणाऱ्या कित्येक पोरांना हे कुणी सुरू केलं ते माहीतही नाही.

मी एकदा त्याला विचारलं, “हे तुला सुचलं कसं रे?”

“सुचला नाय आत्या. ढोलवाला बाजूला होऊन उलट्या करत होता. त्याला वेल द्यायला थांबवला.”

खरं सांगत होता की थट्टा करत होता, मला माहीत नाही. तो दोन्ही एकाच चेहऱ्याने करायचा.

त्याच्या बोटांत जे होतं ते बाकी अंगात कुठेच नव्हतं. सीझन सुरू झाला की रोज वेगळ्या गावात हळद. प्रत्येक मांडवात यजमान प्रेमाने बाटली पुढे करणार, आणि नाही म्हटलं तर अपमान. पावसाळ्यात लग्नं बंद झाली की हा खोलीचं दार लावून बसायचा. जेवायला येत नसे, फोन उचलत नसे. त्या महिन्यांत तो पीतही नसे, हे लोकांना खरं वाटत नाही. पीत नसे तेव्हाच तो जास्त वाईट दिसायचा. भावजय दाराबाहेर ताट ठेवून बसून राहायची. मग तुळशीचं लग्न झालं की पहिली सुपारी यायची, हा दाढी करून बाहेर पडायचा, आणि घरातल्या सगळ्यांना वाटायचं, चला, सुटलो. कशातून कशात सुटलो याचा हिशोब कुणी मांडला नाही.

दवाखान्याच्या खेपा माझ्या वाट्याला. भाऊ गाडीवर, भावजयीला दवाखान्यातलं काही कळत नाही अशी घरात समजूत. कामोठ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की स्वादुपिंड सुजलंय, एक थेंबही चालणार नाही. मी त्याला कर्जतच्या बाजूला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. निघताना म्हणाला, “आत्या, तू परक्यांचे कंटेनर सोडवतस. मना पन सोडव की.”

“तुझे पेपर क्लिअर नाहीत.”

हसला. गेटवरचा वॉचमनही हसला. केंद्रातून आला तेव्हा गाल भरले होते, भाकरी मागून खायचा. मग लग्नांचा हंगाम आला. ग्रुपचा मालक दारात आला आणि भावजयीला म्हणाला, “काकी, नुसता बसंल. पिनार नाय, माजी गॅरंटी.” पुढचं सांगत बसत नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर बसून मी ऑफिसचे मेल पाठवत होते, कारण एका पार्टीचा माल उन्हात कुजत होता. नर्सने बोलावलं तेव्हा मी अर्धा मेल लिहून उठले. तो मेल नंतर कुणीतरी पुरा केला असणार.

तो गेल्यावर त्याची बॅग माझ्याकडे दिली. तिच्यात चार्जर, एक टॉवेल आणि प्लास्टिकचे त्रिकोणी तुकडे, ज्यांनी तो तारा छेडायचा. बाजारात मिळतात ते त्याला पातळ वाटायचे. मुदत संपलेले बंदराचे पास तो माझ्याकडून मागून न्यायचा आणि कात्रीने कापायचा. एका तुकड्यावर पासावरच्या फोटोतला माझा कान आणि अर्धी कपाळपट्टी होती. मी तो पाकिटात ठेवला, फेकायला डबा सापडला नाही म्हणून.

पुढचा घोळ भाचीच्या लग्नाचा. त्याची धाकटी बहीण. तिचं लग्न तो असतानाच उरणकडच्या मुलाशी ठरलं होतं. आमच्यात घरात मौत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, त्यांचंही बरोबर होतं. तारीख धरली. हॉल, जेवण, मांडव, सगळं मी पाहत होते. आणि बेंजोवर येऊन सगळं अडलं.

भाची म्हणाली, “दादाचा बेंजो वाजंल तरच मी हळदीला बसन.”

भावजय म्हणाली, “त्याचा बेंजो ह्या दारात वाजला तर मी मांडवात यायची नाय. हलद तुज्या आत्याच्या हातून लावून घे.”

दोघी एकाच स्वयंपाकघरात, एक तांदूळ निवडतेय, एक मोबाइलमध्ये बघतेय, आणि एकमेकींशी बोलतायत माझ्यामार्फत. “आत्या, तिला सांग.” “ताई, तिला सांगा.” आई जिवंत असताना, सवाष्ण असताना, शेजारच्या खोलीत बसलेली असताना मुलीला हळद दुसरीने लावायची, हे आमच्या लोकांत वर्षानुवर्षं बोललं गेलं असतं. मुलाकडच्यांनी काय अर्थ काढला असता तो वेगळा. भाऊ बाहेर खुर्चीवर बसून टीव्ही बघत होता. मी त्याला म्हटलं, “तू काहीतरी बोल.” तो म्हणाला, “तू हायस ना.”

मी भावजयीला एकटीला गाठून विचारलं की तुला नक्की काय नको आहे. तिने आधी दार लोटलं. मग म्हणाली, “मी हलद घेऊन उठली की त्यो हात वर करनार. कोनचा तरी दुसराच हात. मना ता बगायचा नाय.”

हे कळल्यावर मला रस्ता दिसला. मी ग्रुपच्या मालकाला बोलावलं. तो आला तो छातीवर भाच्याचा फोटो छापलेला टी-शर्ट घालूनच.

मी म्हटलं, “बेंजो वाजेल. पण आईची हळद वाजवायची नाही. थांबायचं नाही. फोटो मांडवात लावायचा नाही. माइकवर श्रद्धांजली नाही.”

“आत्या, आमी ड्रोन सांगितलाय. गुलाबाच्या पाकल्या सोडनार.”

“ड्रोन तुझ्या हळदीला उडव.”

“माजी झाली ना.”

“मग बारशाला उडव.”

तो तोंड पाडून कबूल झाला. भाची कबूल झाली. भावजय कबूल झाली असं नाही, पण तिने कपाटावरून बेंजोची पेटी खाली काढून दारापाशी ठेवली. दिवसभर पोरं येऊन जाऊन त्या पेटीच्या पाया पडत होती.

हळदीच्या संध्याकाळी गल्लीत मांडव पडला. वरचे भाडेकरू गॅलऱ्यांत खुर्च्या टाकून बसले. त्यातल्या साताऱ्याच्या बाई मला वरून विचारत होत्या, “ताई, नवरी कधी येणार?” आणि त्यांचे मिस्टर विचारत होते, “ताई, आवाज कधी बंद होणार?” मी दोघांना हात हलवला. जेवणाच्या माणसाला चिंबोऱ्या कमी पडतायत असं वाटत होतं, त्याला तोंड देत होते. तेवढ्यात ढोल सुरू झाला, पॅड सुरू झालं, आणि बेंजोचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने ढोलही थांबला.

मी गर्दीतून पुढे गेले. स्टेजच्या बाजूला ग्रुपची पोरं गोल करून उभी होती. मध्ये बेंजो. वाजवायला बसलेला पोरगा घामाने भिजलेला.

“काय झालं?”

ढोलवाला म्हणाला, “पूजा केली.”

पूजा म्हणजे काय केलं होतं, तर मी फोटो लावू दिला नाही, श्रद्धांजली बोलू दिली नाही, म्हणून त्यांनी सुरुवातीला बेंजोलाच नारळ वाढवला. नारळाचं पाणी शिंपडलं. नवरीसाठी कालवलेल्या उष्ट्या हळदीच्या ताटातली, म्हणजे मुलाकडून आलेल्या हळदीतली, ओली हळद घेतली आणि गुरूचा मान म्हणून प्रत्येकाने बोटाने बेंजोला लावली. दहाबारा पोरं, प्रत्येकाची पाच बोटं. वर कुंकू, वर अक्षता. बटणं पिवळी होऊन चिकटली होती. एक दाबलं की वर येत नव्हतं, दुसरं दाबलं जातच नव्हतं. खालच्या स्प्रिंगांत तांदळाचे दाणे अडकले होते.

“दुसरा बेंजो?”

“दुसऱ्या टेम्पोत गेला. उलव्याला सुपारी हाय.”

मांडवात चारेकशे माणूस आणि चिडीचूप. मुलाकडची आलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पाटावर बसलेल्या भाचीचा चेहरा मी बघितला नाही, कारण मला त्या क्षणी इलेक्ट्रिशियनचा नंबर आठवत होता आणि त्याचा काही उपयोग नाही हेही कळत होतं.

मग आतून भावजय आली. कामाचीच साडी होती अंगावर, पदर खोचलेला. वाजणं थांबलं म्हणून बघायला आली होती. पोरांनी वाट दिली. तिने बेंजोकडे बघितलं.

“कोनी केला ह्यो?”

मालक म्हणाला, “काकी, मानाची...”

“मेल्यांनो, द्येव हाय काय त्यो? यंत्र हाय. त्याला हलद लावताव? आयुष्यभर त्याच्या बाजूला बसून वाजवलाव, तो बेंजोवर प्लास्टिक घालून बसायचा ता दिसला नाय तुमाला?”

ती तिथेच सतरंजीवर बसली, बेंजो मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, “ताई, बाथरूममधी जुना दात घासायचा ब्रश हाय, निला. आनी कोरोनाची बाटली आना, सॅनिटायझरची, कपाटाच्या मागं हाय. आनी दोन हेअरपिना.”

मी आणून दिलं. ब्रश निळा होता, आणि त्याचे केस मुळापासून पिवळे होते.

तिने बाजूचे दोन स्क्रू नखाने फिरवले, बटणांची पट्टी उचलून उलटी धरली आणि तळहातावर हलकेच आपटली. तांदूळ खाली पडले. मग एकेक बटण. सॅनिटायझर, ब्रश, पिनेने कडेची हळद खरवडायची, फुंकर, पदराने पुसायचं, दाबून बघायचं. पुढचं बटण. कुठेही हात अडत नव्हता. मी शेजारी बसून पिना पुसून देत होते.

“तुला हे कसं येतं?” मी विचारलं. मला खरंच वाटायचं की तो स्वतः करत असेल.

“त्याला कुटला शुद असायचा? सकाली यायचा, आडवा व्हायचा. प्लास्टिक घातला तरी हलद जायाची ती जायाचीच. मीच साफ करायची. नायतर संध्याकाली वाजत नसं.” एक बटण तिने पुन्हा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “एक दिस तसाच ठेवला असता ना ताई, तर घरी ऱ्हायला असता.”

डॉक्टरांनी सांगितलेलं स्वादुपिंडाचं तिला सांगून उपयोग नव्हता. एका दिवसाने काय फरक पडला असता, असंही म्हणता आलं असतं. मी दुसरी पिन पुढे केली.

तोवर बायकांनी कंटाळून आपली जुनी गाणी म्हणायला घेतली होती. हळद लावणं सुरू झालं होतं. आत्या म्हणून मला हाक आली, मी जाऊन लावून आले. हात धुऊन परत आले तेव्हा तिने पट्टी बसवली होती. बेंजो तिने वाजवणाऱ्या पोराच्या मांडीवर ठेवला. पोराने भीत भीत तार छेडली. आवाज आला. गॅलरीतून साताऱ्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

“वाजव,” भावजय म्हणाली. “पन त्याचा वाजवू नको. तुजा वाजव.”

“काकी, माजा असा काय नाय,” तो म्हणाला. “समदा त्याचाच शिकलोय.”

“मग येतंय ता वाजव.”

त्याने कुठलंसं नेहमीचं नाचाचं गाणं धरलं. दोन ठिकाणी चुकला. ढोल आला, पॅड आलं, मुलाकडची पोरं उठून नाचायला लागली. भावजय आत गेली. मला वाटलं आता येत नाही. भाचीला पण तसंच वाटलं असावं, ती दाराकडे बघत होती आणि बायका तिच्या गालाला हळद फासत होत्या. पण भावजय साडी बदलून आली, नाकात नथ घालून. ताटातली हळद बोटांवर घेतली आणि पाटाकडे निघाली.

आणि बेंजोवाल्या पोराचा हात वर गेला. मुद्दाम नव्हे. नवरीची आई उठली की हात वर जायचा, एवढंच त्याला माहीत होतं. ढोलवाल्याची काठी हवेत थांबली.

भावजय वळली. “थांबू नको,” ती म्हणाली. “चालू ठेव.”

पोराने हात खाली घेतला. सगळा दणका पुन्हा सुरू झाला, त्यातच दोन पोरं शिट्ट्या मारत होती. त्या गोंगाटात तिने मुलीच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली. दोघी काहीतरी बोलल्या, ते कुणालाच ऐकू आलं नाही. भाचीने नंतर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलाकडच्या एका बाईंनी मला कोपराने ढोसून विचारलं, “काय वं, तुमच्यात आईची हळद नाय वाजवत?” मी म्हटलं, “आमच्यात नाही.”

भाची आता उरणला असते. तिचं बरं चाललंय. बेंजो तिने नेला नाही, तो पुन्हा कपाटावर आहे. मालक दर हंगामाला येऊन मागतो आणि भावजय त्याला चहा पाजून परत पाठवते. मला अजूनही महिन्यात दोनतीन हळदींना जावं लागतं, ऑफिसची माणसं, जुन्या गावची माणसं, टाळता येत नाही. नवरीची आई उठली की बेंजोवाला हात वर करतो, सगळं शांत होतं, बायका डोळ्यांना पदर लावतात. बऱ्याचदा ते चांगलं वाजवतात. मी तेव्हा जेवणाच्या बाजूला जाते. तिथे त्या वेळी रांग नसते.